उपग्रह-संचालनाची तालीम : कार्यपद्धतींच्या चाचणीचा इतिहास

प्रक्षेपकापासून वेगळ्या झालेल्या उपग्रहाला, हबल दुर्बिणीसारखे मोजके अपवाद सोडले तर, पुन्हा माणसाचा हात लागत नाही, आणि त्यानंतर जमिनीवरच्या लोकांशी त्याचा उरणारा संबंध केवळ रेडिओलहरींचा असतो. जमिनीवरून त्याच्याकडे जाणाऱ्या आदेशांना टेलिकमांड म्हणतात, तर बॅटरीचा विद्युतदाब, इंधनटाकीचे तापमान, सौरपट्ट्यांचा कोन अशी शेकडो मापे जी उपग्रह सतत खाली पाठवत राहतो, त्यांना टेलिमेट्री म्हणतात. या देवघेवीत कोणता आदेश कोणत्या क्रमाने द्यायचा, तो देण्यापूर्वी टेलिमेट्रीतले कोणते आकडे पाहायचे, दिल्यानंतर किती सेकंदांत कोणता बदल दिसायला हवा आणि तो न दिसल्यास कोणत्या वाटेने जायचे, हे सारे उड्डाणाच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेले असते. अशा प्रत्येक लेखी क्रमाला संचालन-कार्यपद्धती किंवा नुसते प्रोसीजर म्हणतात, आणि एका मध्यम आकाराच्या मोहिमेतही त्यांची संख्या शेकड्यांत जाते.

कार्यपद्धतींचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गात रोजच्या कामाच्या कार्यपद्धती येतात, ज्या उपग्रहाच्या आयुष्यात अनेकदा वापरल्या जातात आणि वापरातूनच तावून सुलाखून निघतात. दुसरा वर्ग आपत्कालीन कार्यपद्धतींचा, म्हणजे एखादा जायरोस्कोप बंद पडला, संगणक अचानक पुन्हा सुरू झाला किंवा उपग्रहाचे तोंड सूर्याकडून फिरले तर करायच्या कृतींचा. त्यांतील बहुतेक कधीच वापरल्या जात नाहीत, आणि ज्या वापरल्या जातात त्या अशा वेळी की तेव्हा चूक शोधत बसायला सवड नसते. प्रत्यक्ष उपग्रहावर त्यांची परीक्षा घेण्यासाठी तो मुद्दाम बिघडवावा लागेल, जे शक्य नाही. म्हणूनच उपग्रहाची संगणकीय प्रतिकृती, अर्थात सिम्युलेटर, ही त्यांच्या चाचणीची जवळजवळ एकमेव जागा ठरली. या चाचणीचा इतिहास सुमारे साठ वर्षांचाच आहे, पण त्यात एक गोष्ट वारंवार दिसते : मोठे घात पहिल्यांदा काळजीपूर्वक लिहिलेल्या कार्यपद्धतीने क्वचितच केले, आणि चालू मोहिमेत चांगल्या हेतूने केलेल्या लहानशा दुरुस्तीने अनेकदा केले.

या चाचणीचे मूळ दोन वेगवेगळ्या परंपरांत आहे. एक परंपरा कारखान्याची आणि प्रक्षेपणस्थळाची. सॅटर्न प्रक्षेपकाची उड्डाणपूर्व तपासणी माणसांनी कळा दाबून करण्याच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा अमेरिकेच्या मार्शल अंतराळ उड्डाण केंद्रात ‘ॲटॉल’ नावाची चाचणी-भाषा तयार झाली, जिच्यात अभियंत्याला संगणकशास्त्र न शिकताही तपासणीच्या पायऱ्या लिहिता येत आणि संगणक त्या पार पाडी. पुढे केनेडी अंतराळ केंद्रात स्पेस शटलसाठी ‘गोल’ ही भाषा त्याच कल्पनेतून घडली, आणि गोडार्ड केंद्रात उपग्रहांची चाचणी व संचालन या दोन्हींसाठी ‘स्टोल’ ही भाषा वापरात आली. कारखान्यात ज्या पायऱ्यांनी उपग्रह तपासला त्याच पायऱ्या कक्षेतही उपयोगी पडाव्यात, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे.

दुसरी परंपरा तालमीची. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात अपोलो मोहिमांपूर्वी महिनोन्‌महिने सराव चाले, आणि खोटे बिघाड पेरून नियंत्रकांना पेचात पकडणे हेच काम असलेल्या अधिकाऱ्याला ‘सिमसुप’ म्हणत. जुलै १९६९ च्या पहिल्या आठवड्यात, अपोलो ११ च्या उड्डाणाला थोडेच दिवस उरले असताना, सिमसुप डिक कूस यांच्या चमूने चांद्रयानाच्या संगणकात धोक्याचा एक असा संकेत पेरला की ज्याचा अर्थ कक्षातील कोणालाच नीट ठाऊक नव्हता. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी अवतरण सोडून देण्याचा निर्णय दिला, आणि तालमीनंतर कूस यांनी तो निर्णय चुकीचा असल्याचे दाखवून दिले. उड्डाणसंचालक जीन क्रांझ यांच्या सूचनेवरून मग प्रत्येक संकेताचा अर्थ आणि त्यावर करायची कृती यांची यादी झाली. जॅक गारमन या तरुण अभियंत्याकडे ती हाताने लिहिलेली होती. २० जुलैला प्रत्यक्ष अवतरणात १२०२ आणि १२०१ हे संकेत उमटले तेव्हा त्या यादीच्या आधारे पुढे जाण्याचा निर्णय काही क्षणांत दिला गेला. हा प्रसंग सहसा नियंत्रकांच्या प्रसंगावधानाचा दाखला म्हणून सांगितला जातो, पण त्या तालमीत नापास झाला तो बेल्स नव्हे. लेखी नियमांत राहिलेली पोकळी नापास झाली. माणसांच्या प्रशिक्षणासाठी उभारलेल्या यंत्रणेने लेखनाची परीक्षा घेतली होती, आणि तसे तिच्याकडून कोणी मागितलेही नव्हते.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ च्या संकटात हा उपयोग जाणूनबुजून केला गेला. थंड पडलेले मुख्य यान तुटपुंज्या विजेवर पुन्हा सुरू करण्याचा क्रम पूर्वी कोणी लिहिलेलाच नव्हता. तो काही दिवसांत जमिनीवर रचला गेला आणि ऐनवेळी मोहिमेतून वगळलेले अंतराळवीर केन मॅटिंग्ली यांनी तो सिम्युलेटरमध्ये करून पाहिला, मगच तो वर वाचून दाखवण्यात आला.

मानवरहित उपग्रहांच्या संचालनात ही प्रथा सर्वांत शिस्तबद्ध रूपात जर्मनीतील डार्मश्टाट येथे रुजली. युरोपीय अंतराळ संशोधन संघटनेचे नियंत्रणकेंद्र, जे आज ‘ईसॉक’ या नावाने ओळखले जाते, तेथे सप्टेंबर १९६७ मध्ये सुरू झाले, आणि मे १९६८ मध्ये सोडलेला ‘एस्रो-२बी’ हा त्याने सांभाळलेला पहिला उपग्रह. त्या काळच्या लहान उपग्रहांचे आदेश मोजके असत, कार्यपद्धती कागदावर असत, आणि त्यांची पडताळणी म्हणजे दोन-तीन जाणत्या अभियंत्यांनी केलेले बारकाईचे वाचन. १९७५ मध्ये युरोपीय अंतराळ संस्था स्थापन झाल्यानंतर मोहिमा गुंतागुंतीच्या होत गेल्या, उपग्रहांवर संगणक आले, आणि नुसत्या वाचनाने भागेना. कागदावर निर्दोष दिसणारा आदेशक्रम उपग्रहावरील सॉफ्टवेअरच्या तेव्हाच्या अवस्थेत काय घडवील, हे वाचणाऱ्याच्या कल्पनाशक्तीपलीकडचे होऊ लागले.

संचालनासाठीचा सिम्युलेटर म्हणजे केवळ चित्रे दाखवणारा पडदा नव्हे. त्यात उपग्रहाची कक्षा आणि दिशा गणिताने काढली जाते, सूर्यप्रकाश पडला की सौरपट्ट्यांतून वीज येते, ग्रहणात शिरला की बॅटरी उतरते, तापक चालू केला की त्या भागाचे तापमान हळूहळू चढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपग्रहावर जे सॉफ्टवेअर चालायचे आहे तेच, एका अक्षराचाही फरक न करता, येथे चालवले जाते. त्यासाठी उपग्रहावरील प्रक्रियकाची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली लागते, जिला इम्युलेटर म्हणतात. रोझेटा व मार्स एक्सप्रेसच्या पिढीत हा प्रक्रियक ‘१७५०’ जातीचा होता, नंतर ‘ईआरसी३२’ आणि ‘लिऑन’ आले, आणि प्रत्येक बदलाबरोबर नवे इम्युलेटर लिहावे लागले. सिम्युलेटरच्या दुसऱ्या टोकाला भूकेंद्राची नक्कल असते, त्यामुळे नियंत्रणप्रणालीला समोर खरा उपग्रह आहे की प्रतिकृती, याचा पत्ता लागत नाही. दर मोहिमेला हे सारे नव्याने बांधणे परवडणारे नव्हते, म्हणून ईसॉकने ‘सिमसॅट’ नावाचा सामायिक पाया तयार केला आणि पुढे प्रतिकृतींचे भाग एका प्रकल्पातून दुसऱ्यात नेता यावेत यासाठी ‘एसएमपी’ हे मानक पुढे आले. उड्डाणापूर्वीच्या महिन्यांत या सिम्युलेटरवर जी रंगीत तालीम होते तिच्यात सिम्युलेशन अधिकारी बिघाड पेरतो आणि नियंत्रक आपत्कालीन कार्यपद्धतींची पाने उलटतात; ह्यूस्टनची परंपरा येथे जशीच्या तशी दिसते.

उणीव राहिली ती तालीम संपल्यानंतरच्या काळाची. उड्डाणापूर्वी महिनोन्‌महिने परीक्षा दिलेल्या कार्यपद्धती उपग्रह वर गेल्यावर बदलू लागतात, कारण उपकरणे म्हातारी होतात, इंधन वाचवायचे असते, एखादे निरीक्षण नव्याने करायचे असते. आणि प्रत्येक बदलासाठी माणसे जमवून पुन्हा तालीम करणे कोणालाच परवडत नाही. मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग १ यानाशी संपर्क नोव्हेंबर १९८२ मध्ये तुटला, कारण बॅटरी चार्ज करण्याच्या पद्धतीत सुधारणा करणाऱ्या आदेशांनी ॲन्टेनाच्या दिशेची माहिती पुसून टाकली. ऑगस्ट १९८८ च्या अखेरीस सोव्हिएत रशियाच्या फोबोस १ यानाला पाठवलेल्या आदेशात एक चिन्ह गळाले; त्या चुकीने यानाच्या स्मृतीत राहून गेलेला, फक्त जमिनीवरच्या चाचणीसाठी असलेला, एक क्रम जागा झाला, दिशा सांभाळणारे लहान इंजिन बंद पडले, सौरपट्ट्या सूर्यापासून फिरल्या आणि बॅटरी संपली.

या मालिकेतील सर्वांत बोधक प्रकरण ‘सोहो’ या सूर्यवेधी यानाचे आहे, कारण त्याची चौकशी तपशीलवार झाली आणि ते यान नंतर वाचलेही. युरोपीय संस्था आणि नासा यांचे हे संयुक्त यान २ डिसेंबर १९९५ रोजी निघाले, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे पाहू लागले आणि त्याचे संचालन अमेरिकेतील गोडार्ड केंद्रातून होत असे. जून १९९८ मध्ये जायरोस्कोपांच्या अंशशोधनाचे नेहमीचे काम चालू होते. जायरोस्कोप हा यान किती वेगाने वळते आहे ते मोजणारा संवेदक असतो आणि तो झिजतो. म्हणून कार्यपद्धतीत असा बदल केलेला होता की गरज संपताच एक जायरो थांबवावा आणि त्याचे आयुष्य वाचवावे. बदल हेतूने उत्तमच होता. मात्र यान संकटात स्वतःहून सूर्याकडे तोंड वळवते तेव्हा याच जायरोवर ते विसंबून असते, आणि त्या वेळी तो पुन्हा सुरू करण्याची मुभा सॉफ्टवेअरला देणारा आदेश नव्या क्रमात समाविष्ट झालेला नव्हता. दुसऱ्या एका क्रमात दुसरा जायरो चुकीच्या संवेदनक्षमतेवर राहिला आणि खऱ्यापेक्षा वीसपट वेग सांगू लागला. त्याच्या खोट्या आकड्याने यान आपत्कालीन अवस्थेत गेले; बंद असलेल्या जायरोचे शून्य आणि चालू असलेल्याचा आकडा यांतील विसंगती पाहून नियंत्रकांनी चालू जायरोच बिघडला असे मानले व तो बंद केला; २५ जूनला संपर्क तुटला. पुढे अरेसिबो रेडिओ-दुर्बिणीच्या रडारने यान सापडले, ऑगस्टमध्ये त्याचा क्षीण संकेत मिळाला, गोठलेले इंधन वितळवून सप्टेंबरमध्ये ते पुन्हा सूर्याकडे वळवण्यात आले. त्या वर्षअखेरीपर्यंत तिन्ही जायरो निकामी झाले तरी जायरोशिवाय चालणारे सॉफ्टवेअर पाठवून मोहीम पुढे चालू ठेवली गेली, हा संचालनकौशल्याचा मोठाच पराक्रम म्हटला पाहिजे. संयुक्त चौकशी मंडळाने मात्र यंत्रांना दोष दिला नाही; बदललेल्या कार्यपद्धतींची पुरेशी पडताळणी न होणे आणि आपत्कालीन अवस्थेतून बाहेर पडण्याची घाई यांवर त्याने बोट ठेवले.

यातून निघणारा निष्कर्ष उघड होता : बदल कितीही लहान असो, त्यानंतरची चाचणी इतकी स्वस्त व्हायला हवी की ती टाळण्याचे कारणच उरू नये. ते साधण्यासाठी कार्यपद्धती यंत्राला वाचता येणे आवश्यक होते, आणि कागदावरच्या किंवा वर्ड प्रोसेसरमधल्या सूचना यंत्राला वाचता येत नव्हत्या. युरोपीय अंतराळ-मानकीकरण सहकार्याने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २००८ मध्ये सुधारलेल्या मानकात ‘प्लूटो’ या भाषेची व्याख्या आली, जिच्यात कार्यपद्धतीचे भाग नेमके ठरलेले आहेत : सुरू होण्यापूर्वी खऱ्या असाव्या लागणाऱ्या पूर्वअटी, पायऱ्यांचा मुख्य भाग, पायऱ्या चालू असताना धोक्यावर नजर ठेवणारा पहारा, आणि शेवटी हेतू साधला की नाही हे ठरवणारी खातरजमा. भाषा म्हणून प्लूटो फार देखणी नाही, इंग्रजी वाक्यांसारखी लांबलचक आहे. तिचे मोल असे की जुन्या कार्यपद्धतींत जाणत्या माणसाच्या मनात राहणारी अपेक्षा तिने लेखनात आणली. त्याच दशकात लक्झेंबर्गच्या ‘एसईएस’ या दूरसंचार-उपग्रह कंपनीने ‘जीएमव्ही’ या कंपनीच्या साहाय्याने ‘स्पेल’ ही प्रणाली उभी केली, तिचा पाया पायथन ही सर्वपरिचित संगणकभाषा होती, आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या उपग्रहांसाठी एकाच रीतीने कार्यपद्धती लिहिता याव्यात हा तिचा उद्देश होता.

कार्यपद्धती अशा रीतीने चालवण्याजोगी झाल्यावर तिची चाचणी माणसाशिवाय करता येऊ लागली. सिम्युलेटर एका विशिष्ट क्षणीच्या अवस्थेत, उदाहरणार्थ उपग्रह ग्रहणात असून एक बॅटरी निकामी आहे अशा स्थितीत, गोठवून साठवता येतो. चाचणी सुरू करताना तीच अवस्था पुन्हा उभी केली जाते, कार्यपद्धती चालवली जाते, आदेशांना आलेले टेलिमेट्रीचे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडले जाते आणि निकाल नोंदवला जातो. जेथे कार्यपद्धतीला फाटे फुटतात तेथे प्रत्येक फाट्यासाठी वेगळा बिघाड पेरावा लागतो, अन्यथा केवळ सुरळीत वाट तपासली जाते आणि संकटाची वाट तशीच राहते. उपग्रहावरील सॉफ्टवेअर बदलले, किंवा आदेश आणि टेलिमेट्रीची मापे यांच्या माहितीसाठ्यात एखादी नोंद सुधारली, की जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा एकदा चालवायच्या, या रीतीला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. जे काल चालत होते ते आजही चालते ना, एवढेच ती विचारते. माणसांची तालीम दिवसा होते आणि दमवते, ही चाचणी रात्री यंत्रावर सोडून देता येते. तालमीची गरज मात्र तिने संपवलेली नाही, कारण सोहोच्या नियंत्रकांनी केलेले चुकीचे निदान अशा चाचणीत कधीच दिसले नसते.

सिम्युलेटरला स्वतःची मर्यादाही असते : रचणाऱ्याला जे ठाऊक नव्हते ते तो दाखवू शकत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ प्रक्षेपक पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी नष्ट झाला, तेव्हा गणितज्ञ झाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाला असे आढळले की एरियन ४ कडून घेतलेल्या दिशामापन यंत्रणेचे सॉफ्टवेअर नव्या प्रक्षेपकाच्या मार्गावर एकत्रितपणे चालवून पाहिलेलेच नव्हते, आणि संपूर्ण प्रणालीच्या चाचणीत तिच्या जागी नक्कल बसवलेली होती. नक्कल अर्थातच चुकली नाही. याउलट ईसॉकचे अभियंता बोरिस स्मेड्स यांनी फेब्रुवारी २००० मध्ये, कॅसिनी यानाने सोबत नेलेल्या हायगेन्स यानाचा नकली संकेत, त्याच्या गतीमुळे होणाऱ्या कंप्रतेच्या बदलासह, कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या ॲन्टेनावरून शनीकडे निघालेल्या कॅसिनीला पाठवला आणि कॅसिनीवरचा ग्राहक तो नीट वाचू शकत नाही हे उघडकीला आणले. कॅसिनीचा मार्ग बदलण्यात आला आणि १४ जानेवारी २००५ रोजी शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरलेल्या हायगेन्सची माहिती पृथ्वीवर पोहोचली. प्रतिकृती केव्हा पुरेशी आहे आणि खऱ्या यंत्रालाच केव्हा प्रश्न विचारायचा, हा निर्णय अद्याप माणसाकडेच राहिलेला आहे. प्रतिकृती मागे पडण्याचा धोका तर दीर्घ मोहिमांत कायमचाच असतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या दोन संगणकांतील एक विसंगती दूर करण्यासाठी जून २००६ मध्ये पाठवलेली दुरुस्ती स्मृतीतल्या चुकीच्या जागी लिहिली गेली, पाच महिने ती चूक निपचित पडून राहिली, आणि नोव्हेंबरमध्ये दहा वर्षे चाललेले ते यान गमावले गेले.

भारतात हे काम प्रामुख्याने बंगळुरूच्या ‘इस्ट्रॅक’ केंद्रात होते, आणि येथेही दूरच्या मोहिमांनी चाचणीचे स्वरूप बदलले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा संदेशाला एका दिशेने जायलाच सुमारे १२ मिनिटे लागत होती आणि इंजिन पेटलेल्या काळातला काही भाग तर यान मंगळाच्या आड होते; त्यामुळे वेळ नेमून दिलेले सगळे आदेश आधीच यानावर चढवून ठेवण्यात आले होते आणि ऐनवेळी दुरुस्तीला वावच नव्हता. सुमारे ३०० दिवस न वापरलेले मुख्य इंजिन त्याआधी दोन दिवस जेमतेम चार सेकंद पेटवून पाहिले गेले, कारण त्या इंजिनाची खात्री कोणतीही प्रतिकृती देऊ शकत नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान २ चा विक्रम लँडर गमावल्यानंतर चंद्रयान ३ साठी, काय काय बिघडू शकते याची मोजदाद आधी करून रचना करण्याची भूमिका इस्रोने घेतली. संगणकीय चाचण्यांच्या जोडीला संवेदकांची चाचणी हेलिकॉप्टरवरून आणि इंजिनांची चाचणी क्रेनला टांगून करण्यात आली, आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या अवतरणाचा अखेरचा क्रम यानाने जमिनीच्या मदतीशिवाय पार पाडला. तेथे कार्यपद्धती नियंत्रणकक्षातून उठून यानावरच गेली होती.

एवढी साधने हाती असूनही जपानच्या ‘हितोमी’ या क्ष-किरण दुर्बिणीचे जे झाले ते या इतिहासातील सर्वांत कटू प्रकरण ठरते. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी सोडलेल्या या उपग्रहाचा लांब दांडा उलगडल्यानंतर त्याचे वस्तुमान-वितरण बदलले, म्हणून दिशा सांभाळणाऱ्या इंजिनांचे नियंत्रणांक नव्याने काढून पाठवण्यात आले. ते तयार करताना ऋण चिन्हाच्या संख्या धन करण्याची पायरी राहून गेली, तिचा उल्लेख वापराच्या पुस्तिकेत नव्हता, आणि तयार झालेले अंक सिम्युलेटरवर चालवून पाहिले गेले नाहीत, असे जपानी अंतराळ संस्थेच्या चौकशीत निष्पन्न झाले. २६ मार्चला उपग्रहाने आपण फिरतो आहोत असा चुकीचा समज करून घेतला, आपत्कालीन अवस्थेत तीच इंजिने उलट्या रीतीने पेटली, फिरण्याचा वेग वाढत गेला आणि सौरपट्ट्या तुटून पडल्या. त्या अंकांचा खोटेपणा दाखवायला सिम्युलेटरची एकच फेरी पुरली असती. साधन अपुरे होते असे येथे म्हणता येत नाही, ते वापरणे ऐच्छिक ठेवले गेले हाच दोष. २८ एप्रिल २०१६ रोजी हितोमी परत मिळवण्याचे प्रयत्न थांबवण्यात आले, आणि तिची जागा घेणारी ‘क्रिझम’ दुर्बीण ७ सप्टेंबर २०२३ रोजी, सात वर्षांहून अधिक काळाने, तानेगाशिमाहून निघाली.